दारावरचा हिवाळा

बाई चित्र काढायला बसली की आधी गॅसचा हीटर बंद करायची. मग खिडकी उघडायची. मग कोट, डोक्याला लोकरीची टोपी, हातात बोटं कापलेले मोजे, आणि मग ब्रश. लीड्सचा डिसेंबर, मागचं अंगण हिमानं पांढरं पडलेलं, आणि ही खिडकी सताड उघडी टाकून बसलेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, हे काय? तर म्हणाली, "उबेत बसून थंडी काढायला गेलं की खोटी निघते."

ही आमची घरमालकीण. तिला नाव होतं, पण आम्ही बाईच म्हणायचो. आमची ही तिला तोंडावर 'आजीबाई' म्हणायची. बाईनं त्याचा अर्थ कधी विचारला नाही, पण हाक मारली की लगेच ओ द्यायची. ती बोलायची इंग्रजीत, तेही यॉर्कशायरचं, अर्धे शब्द गिळून. मी मनात मराठीत ऐकायचो. म्हणून इथं तिचं बोलणं मला जसं ऐकू आलं तसं लिहितोय.

मी सातवी शिकलेला माणूस. सोलापुरात मागावर होतो. एका ओळखीच्या माणसामागोमाग इकडं आलो, लोकरीच्या गिरणीत लागलो. गिरणी बंद पडल्यावर हॉस्पिटलात पोर्टर, म्हणजे पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायच्या. लिहायची सवय नाही. पण बाईच्या चित्रावरून घरात भांडण झालं आणि ते मी केलं. त्यामुळं बाई कोण होती हे कुठंतरी लिहिलेलं असावं असं वाटलं.

चित्र एकच. जन्मात तिनं दुसरं काढलं नाही. तेही कापडावर नाही, कागदावर नाही. दारावर. स्वयंपाकघराचं मागचं दार तिनं बिजागऱ्यांतून काढलं होतं आणि आडवं करून भिंतीला लावलं होतं. दाराच्या जागी जाड पडदा. तिथून वारा असा यायचा की चहा कपात गार व्हायचा. कुणी बोललं तर म्हणायची, "हिवाळा दारातूनच आत येतो ना? मग त्याला दारावरच धरायचा."

त्या दारावर सगळा बर्फ. मधोमध लाकडाच्या ओंडक्यांचं एका खोलीचं घर. त्याची समोरची भिंत काढूनच टाकलेली, आतलं दिसावं म्हणून. आत लोखंडी चूल, चुलीपाशी आई पिठात हात घालून. म्हातारा बुटाला टाके घालतोय. एक पोरगी पायमोजा विणतेय. बाहेर लाकडांच्या खोपटापाशी थोरला लाकडं फोडतोय, बाप गोठलेल्या तळ्यातून पाणी काढतोय. दाराला किल्लीचं भोक होतं, ते तिनं बुजवलं नाही. तळ्यावरच्या बर्फाला पाडलेलं भोक तेच. बापाची बादली थेट त्यात उतरायची.

ती माणसं म्हणजे बाईच्या आईचे आईबाप, आजोबा, भावंडं. इथलीच, यॉर्कशायरची. कॅनडात जमीन मिळते म्हणून वस्ती करायला गेलेली. काही हिवाळे काढले आणि परत आली. पायमोजा विणणारी पोरगी ती बाईची आई. तिनं सांगितलं तेवढं बाईला माहीत. बाई स्वतः लीड्सच्या बाहेर फारशी गेली नव्हती. तिनं सगळी उमर कोटांच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात घालवली. म्हणून चित्रातल्या कोटांची बटणं बघावीत. माणसाचं नाक वाकडं असेल, बटण एक वाकडं सापडणार नाही.

तिचे दोन नियम होते. एका हिवाळ्यात चित्रात एकच बदल करायचा. इथं ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागं करतात आणि मार्चअखेर परत पुढं; घड्याळं मागं गेली की सुरू, पुढं गेली की बंद. आणि दुसरा, चित्रात रिकाम्या हातानं कुणी असायचं नाही. कुणाकडंही बोट दाखवून विचारा, याचं काम काय? ती एका शब्दात सांगणार. पाणी. लाकडं. मोजा. मांजरसुद्धा होतं एक, तेही उंदरामागं लावलेलं.

आणि हे सगळं बरोबर यावं म्हणून घरात येईल त्याला ती कामाला जुंपायची. मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या हातात एकदा कुऱ्हाड दिली होती. तो बिचारा अर्धा तास अंगणात कुऱ्हाड उगारून उभा. म्हणाला, "बाई, मला अजून चौदा घरं करायचीत." बाई म्हणाली, "मग हात खाली घेऊ नकोस, म्हणजे लवकर होईल."

आम्हाला खोली मिळाली तीही अशीच. त्या दिवसात आमच्यासारख्यांना खोली मिळायची नाही. खिडकीत पाटी असायची आणि दार उघडणारा म्हणायचा, गेली. अशी सात-आठ दारं झाली होती. लग्नाला वर्ष झालेलं, हातात ट्रंक, हिच्या पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. बाईनं दार उघडलं आणि पहिल्यांदा त्या चपलांकडंच बघितलं. म्हणाली, "माझी आजीसुद्धा अशीच गेली होती. चुकीचं पायताण घालून." मग मला म्हणाली, "आत ये. पाणी उचलून दाखव."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण पाय दुखत होते. आत गेलो. तिनं भरलेली बादली पुढं ठेवली. "कडी लोखंडाची आहे आणि गोठलीय. उघड्या हातानं धरलीस तर कातडं चिकटेल. कशी धरशील?"

मी गोठलेली कडी कधी बघितलेली नाही. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगणात राहिलेली बादली अशी तापते की हाताला फोड यावा. तेव्हा आम्ही काय करायचो? खांद्यावरचा पंचा कडीला गुंडाळायचो. गळ्यातला मफलर काढला, गुंडाळला आणि उचलली. बाईनं पाच मिनिटं मला तसंच उभं केलं. मग म्हणाली, "वरच्या दोन खोल्या. सोमवारपासून." अजून तो बाप चित्रात कडीला फडकं गुंडाळूनच पाणी काढतोय. कॅनडाच्या बर्फात सोलापूरचा वैशाख.

आमच्या हिला इंग्रजी येत नव्हतं आणि बाईला मराठी. दोघी तासन् तास बोलायच्या. मी खालून ऐकायचो. ही म्हणायची, "आजीबाई, तुमच्या चुलीला धूर जायला वाट कुठाय? घर काळं होईल ना." बाई म्हणायची, "पीठ अजून थोडं पातळ हवं का गं?" कुणाचं उत्तर कुणाला नाही. तरी त्या हिवाळ्याचा बदल म्हणून चित्रात धुराडं आलं.

एका हिवाळ्यात बाईचं अडलं चित्रातल्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या हातांवर. स्वतः पाव करून बघितला, शेजारणीला करायला लावला, पटेना. म्हणाली, "हे हात दुकानातून पाव आणणाऱ्या बाईचे दिसतात." त्याच सुमारास एका गुजराती दुकानात बाजरीचं पीठ मिळालं म्हणून ही भाकऱ्या थापायला बसली होती. बाई वर आली ती चहा मागायला, आणि दारातच थांबली. खुर्ची ओढून बसली. ही थापतेय, बाई बघतेय. चार भाकऱ्या झाल्या. ही लाजून म्हणाली, "अहो, त्यांना विचारा ना, भूक लागलीय का?" मी विचारलं. बाई म्हणाली, "गप्प बस. तिला अजून एक करायला सांग."

तर त्या चित्रातली आजी पाव मळत नाही. भाकरी थापते. दोन्ही तळवे सरळ, बोटं जराशी उचललेली, आमच्या हिची सवय.

आता ज्या गोष्टीवरून भांडण झालं ती सांगतो.

दिवाळी होती, लक्ष्मीपूजनाचा दिवस. दुपारची वेळ. मी गिरणीतून आलो तर हिनं घरभर कुंकू लावलेलं. शिलाई मशिनला, बाईच्या चुलीला, बाईच्या किल्ल्यांच्या जुडग्याला. बाई बाजारात गेली होती. आणि जाताजाता हिनं त्या चित्रालाही लावलं. का लावणार नाही? एक तर ते दार. सणाला दाराला कुंकू लावतातच. आणि दुसरं, बाईच्या घरातली गेलेली माणसं त्यावर. पण हिला काय ठाऊक, रंग ओला होता! तेलाचा रंग, त्या सकाळीच दिलेला. बोट बुडालं. मी बघितलं तेव्हा पांढऱ्या बर्फात, लाकडांच्या खोपटामागं, बोटाएवढा लालभडक ठिपका.

माझं डोकंच गेलं. म्हणालो, "अगं, काय केलंस हे? घर जाईल हातचं. परत दारोदार फिरायचं का?" ती रडायला लागली. मी चिंधी घेऊन पुसायला गेलो, तेवढ्यात पडदा हलला. बाई. हातात बटाट्याची पिशवी.

तिनं बघितलं. पिशवी खाली ठेवली. चष्मा लावला, जवळ गेली, परत लांब गेली.

"हिला कुणी सांगितलं?" मला म्हणाली.

मी म्हणालो, "चूक झाली, बाई. अडाणी आहे ती. रंगाचे पैसे मी देतो."

"ते नाही विचारलं. ही जागा हिला कुणी सांगितली?"

मी हिला विचारलं, तिथंच का गं लावलंस? ही डोळे पुसत म्हणाली, "मग कुठं लावू? सगळी माणसं कामात. त्यांना कसं थांबवायचं? तिथं कुणीच नव्हतं, म्हणून तिथं लावलं."

मी हे इंग्रजीत सांगितलं, मला जमलं तसं. बाई खाली बसली, कोटासकट. मग तिनं सांगितलं. तिच्या आईला एक धाकटी बहीण होती, चार वर्षांची. तापात गेली, भर हिवाळ्यात. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ आत जाईना. पुरायला जागाच होईना. मग त्यांनी तिला चादरीत गुंडाळून लाकडांच्या खोपटामागं बर्फात ठेवलं. बर्फ वितळेपर्यंत. "माझी आई रोज खिडकीतून तिकडं बघायची," बाई म्हणाली. "तिला वाटायचं, धाकटीला थंडी वाजत असेल. पण जायचा धीर होत नव्हता. मरेपर्यंत हेच बोलत होती. मी किती वर्षं बघतेय, तिथं काय काढायचं ते सुचत नाही. दर हिवाळ्यात पहिल्यांदा तिथं पांढरा रंग देते, आणि उठते."

मी हे हिला मराठीत सांगितलं. ही एवढंच बोलली, "लेकरू एकटंच होतं होय? सोबत नाही, काही नाही?"

बाईला शब्द कळले नाहीत. पण तिनं माझ्या हातातली चिंधी काढून घेतली आणि चुलीत टाकली.

त्या हिवाळ्यातला एक बदल म्हणजे तो ठिपका असं मला वाटलं होतं. बाई म्हणाली, नाही, तो तिचा. माझा अजून बाकी आहे. जानेवारीत बर्फ पडला तेव्हा तिनं हिला अंगणात चालायला लावलं, मोज्यांवर चपला घालून, स्वयंपाकघरापासून कोळशाच्या खोलीपर्यंत. मग कोट घालून बाई खाली वाकून त्या पावलांकडं बघत बसली. शेजारी खिडक्यांतून बघत होते. महिनाभरात चित्रात पावलं उमटली, घरापासून खोपटामागच्या त्या ठिपक्यापर्यंत. नुसती जाणारी. परत येणारी नाहीत. आणि बुटांची नाहीत, चपलांची.

पावलं पुरी झाली त्या रात्री जेवताना ही मला म्हणाली, "ही गोष्ट कुणाला सांगायची नाही हं. मेलेल्या लेकराची आहे. चहाबरोबर पाहुण्यांना सांगायची नसते." मी हो म्हणालो. आणि सांगितली नाही. आमच्या मुलालासुद्धा नाही.

बाई गेली तेव्हा ऐन मार्चमध्ये गेली, घड्याळं पुढं जायच्या आठवड्यात. तिच्या भाच्यानं घर विकलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, दार वरच्या पोरीला द्यावं. मी आणि गिरणीतले तिघं, आम्ही ते खांद्यावर घेऊन दोन गल्ल्या चाललो. लोक टोप्या काढत होते. त्यांना वाटलं, शवपेटी आहे. पुढं स्वतःचं घर झालं, पुढच्या खोलीत ते लावलं, आणि दर दिवाळीला ही त्याच्यासमोर दिवा ठेवायची. कुंकू मात्र परत लावलं नाही. म्हणायची, "एकदा लागलंय ते बास."

ही या जानेवारीत गेली. ज्या हॉस्पिटलात मी बावीस वर्षं ट्रॉल्या ढकलल्या, तिथंच. वरच्या मजल्यावर न्यायचं होतं तेव्हा मी पोर्टरला म्हणालो, मी ढकलतो, मला येतं. तो म्हणाला, "नको काका, तुम्ही तिचा हात धरा." बरोबर बोलला. पण मला हात धरायची सवय नाही, ढकलायची आहे. लिफ्टमध्ये धरला.

आता मुलगा म्हणतो, एकट्यानं राहायचं नाही. तो लंडनला, ईलिंगमध्ये असतो, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मला एक खोली देणार. चांगला आहे, सूनही चांगली. पण दार त्या जिन्यातून वळत नाही. त्यानं येऊन टेपनं मापं घेतली. "अण्णा, ती पेंटिंग नाही जाणार. इट्स अ डोअर! मी म्युझियमला ईमेल केलाय. त्यांना असले लोकल पीपलचे चित्र पाहिजे असतात."

इथल्याच एका लहान म्युझियमची बाई आली. वयानं सुनेएवढी. बोलायला गोड. चित्र बघून खूश झाली. भाकरीपाशी थांबली. "हा पाव कुठल्या प्रकारचा?" म्हटलं, बाजरीचा. तिनं लिहून घेतलं. मग छोटी बॅटरी काढली आणि ठिपक्यावर मारली. म्हणाली, "हा नंतर पडलेला डाग दिसतो. काळजी करू नका, आमची माणसं अलगद काढतील. खालचा पांढरा स्वच्छ निघेल."

मी म्हणालो, "हात लावायचा नाही."

ती म्हणाली, "चित्राला काही होणार नाही."

"हात लावायचा असेल तर चित्र मिळणार नाही. निघा तुम्ही."

मुलगा लाल झाला. "अण्णा! ती हेल्प करायला आली आहे. असं कोण बोलतो?" मग तिला सॉरी सॉरी करत दारापर्यंत गेला. परत येऊन म्हणाला, "एका डागासाठी? मग काय करायचं, कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकायचं? सांगा ना, काय आहे तिथं?"

मी सांगितलं नाही. दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. तोही फोनवर फक्त, जेवलात का.

पण बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. त्या चित्रात आमची ही आहे. हात आहेत, पावलं आहेत, बोट आहे. तोंड कुठंच नाही. त्यामुळं माझ्याशिवाय कुणाला ती दिसणार नाही. मी आज ना उद्या जाणार. मग ते हात नुसते हात, आणि तो ठिपका नुसता डाग. कुणीतरी बॅटरी मारणार आणि अलगद काढणार. मी गप्प बसलो तर तिचा शब्द राहतो आणि ती पुसली जाते. बोललो तर ती राहते आणि शब्द मोडतो. लग्नानंतर मी तिचा शब्द फारसा पाळला असंही नाही. हा एकच पाळला होता.

मुलाला फोन केला. म्हटलं, "त्या बाईला बोलव. कागद घेऊन ये म्हणावं. आणि तूही ये. चहा मिळणार नाही."

दोघं आले. चहा केला नाही. सांगितलं. बादलीपासून सुरुवात केली आणि पावलांपाशी थांबलो. मध्ये मुलगा उठला, चित्रातल्या चपलांच्या पावलांकडं जाऊन वाकून बघितलं. लहानपणापासून त्या चित्राखाली खेळला होता तो.

म्युझियमच्या बाईनं बॅटरी पिशवीत ठेवली. म्हणाली, "राहील तो. मी लिहून देते तसं. पण लोक विचारतील. शेजारी पाटी लावावी लागेल. काय लिहू?"

मी म्हणालो, "आमच्या मालकीणबाईची पद्धत होती. चित्रात जो आहे त्याचं काम लिहायचं, बाकी काही नाही. लिहा. पाणी. लाकडं. मोजा. भाकरी."

"आणि ठिपका?"

"सोबत."

तिनं मुलाकडं बघितलं. मुलगा 'कंपनी' म्हणाला. मग म्हणाला, नो, नॉट लाइक दॅट. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. ती बाई शहाणी. म्हणाली, तुमच्या अक्षरात लिहून द्या, आम्ही तसंच ठेवू. मी लिहून दिलं. अक्षर काही चांगलं नाही माझं.

महिनाअखेरीला येऊन नेणार आहेत. मुलगा रोज विचारतो, "अण्णा, हीटिंग चालू आहे ना?" मी आहे म्हणतो. खोटं बोलतो. दुपार झाली की हीटिंग बंद करतो, कोट घालतो, खिडकी थोडी उघडतो आणि खुर्ची ओढून चित्रासमोर बसतो. खोपटाच्या बाजूला.

बाई असती तर म्हणाली असती, रिकाम्या हातानं काय बसलायस? तुझं काम काय?

एका शब्दात सांगितलं असतं.